दोष बॅटरीचा की भारणयंत्रणेचा?

सकाळी मोटार सुरू झाली नाही की बॅटरीस दोष दिला जातो व नवी विकत घेतली जाते. पुष्कळदा काही दिवसांत तीही उतरते. कारण मूळ दोष तिला भारित करणाऱ्या यंत्रणेत असतो. साध्या मल्टीमीटरने तो घरीच ओळखता येतो.

रात्रभर उभ्या मोटारीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत सुमारे १२.६ व्होल्ट दाब आढळल्यास ती पूर्ण भारित समजावी, १२.२ म्हणजे जवळजवळ निम्मी उतरलेली. इंजिन सुरू केल्यावर बहुतेक मोटारींत हा आकडा १३.८ ते १४.५ पर्यंत चढतो. तो चढला नाही, तर इंजिन बंद करून प्रथम अल्टरनेटरचा पट्टा सैल आहे काय ते पाहावे. बॅटरीच्या टोकांवरील पांढरट-हिरवट थर हेही नेहमीचे कारण. आधी ऋण टोकाची तार सोडवावी, मग धन टोकाची. थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा, मात्र ते पाणी बॅटरीत जाऊ देऊ नये. जोडताना ऋण तार शेवटी. भारित होताना हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जवळपास विडी-काडी नको. एवढे करूनही आकडा हलला नाही, तर अल्टरनेटर कारागिराकडे न्यावा.

चालत्या इंजिनावर बॅटरीची तार काढून पाहण्याची डायनॅमोच्या काळातील सवय मात्र सर्वस्वी सोडावी. तिने अल्टरनेटरचे डायोड जळू शकतात.