भंगारातली मोटार, घरचे छोटे यंत्र



ऊसपाहणीला गावोगाव फिरताना अलीकडे एक प्रश्न हमखास येतो. आय.टी.आय. केलेली पोरं विचारतात, "साहेब, भंगारातल्या मोटारीवर घरच्या घरी छोटं मिलिंग मशीन चालेल का?" चालेल. पण कोणती मोटार कोणत्या कामाची, हे आधी ओळखलं पाहिजे. नाहीतर पैसे जातात आणि पोराचा हुरूपही जातो.

अशा यंत्राला दोन कामं असतात. एक, हत्यार गरगर फिरवणे. दुसरे, ते मोजून पुढे-मागे सरकवणे. विहिरीवरची किंवा गिरणीची मोटार पहिल्या कामाची. ४ पोलची असेल तर ती मिनिटाला साधारण १४४० फेरे घेते. पण "एवढ्यावर थांब" म्हटलं तर थांबत नाही.

दुसऱ्या कामाला स्टेपर मोटार हवी. जुने डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, झेरॉक्स मशीन यांत ती सापडते. शाफ्ट हाताने फिरवला की बोटांना बारीक टप्पे लागतात, हीच तिची खूण. बऱ्याच स्टेपर एका फेऱ्यात २०० टप्पे घेतात. १६ मि.मी.च्या नेहमीच्या आट्यांच्या सळईचे पिच २ मि.मी. असते. म्हणजे १०० टप्प्यांना हत्यार १ मि.मी. सरकते. गाठी मारलेल्या दोरीने अंतर धरून टिपरी ठेवतो, तसाच हा हिशेब. फक्त नट ढिला असेल तर माप चुकते.

चार तारांच्या मोटारीत दोन कॉइल असतात. कुठल्याही दोन तारा एकमेकींना जोडून शाफ्ट फिरवा. जड फिरला तर त्या तारा एकाच कॉइलच्या. मोटारीला टप्पे सोडायला ड्रायव्हर कार्ड लागते. त्याला हुकूम देणारी 'जीआरबीएल' ही संगणकाची आज्ञावली फुकट मिळते.

आता पथ्ये. स्टेपर थेट २३० व्होल्टवर कधीही लावू नये. ड्रायव्हर चालू असताना मोटारीची तार काढू नये, कार्ड जळते. रोटर बाहेर ओढू नये, चुंबकाचा जोर उतरतो. बंद यंत्राच्या कपॅसिटरमध्येसुद्धा वीज शिल्लक राहते, तिथे हात घालू नये. सांगाड्याला अर्थिंग हवेच. ते काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावे.

अपेक्षाही बेताची ठेवावी. लाकूड, प्लॅस्टिक, हलके ॲल्युमिनियम एवढेच यावर होईल. ट्रॅक्टरचा शाफ्ट होणार नाही. ओझे वाढले की मोटार टप्पा चुकते आणि साध्या ड्रायव्हरला त्याचा पत्ताही लागत नाही.

तरी हे खेळणे नव्हे. मोठ्या वर्कशॉपमधल्या सी.एन.सी. यंत्राचा मूळ हिशेब हाच आहे. तो घरी हाताने शिकलेला पोरगा नोकरीच्या दारात बुजत नाही. म्हणून जुना प्रिंटर किलोवर घालण्याआधी एकदा त्याला खोलू द्या. प्लग मात्र आधी काढून ठेवा.

आपला,
ऊस विकास अधिकारी