ऊस : ठिबक सिंचन व लागणीचे अंतर

उसाच्या मुळांच्या कक्षेत नळ्यांतील तोट्यांद्वारे थेंबाथेंबाने, रोज अथवा एक दिवसाआड, पाणी देण्याची पद्धत. इझ्राएलमध्ये सिम्खा ब्लास या जल-अभियंत्याने १९६० च्या सुमारास प्लॅस्टिकच्या तोट्या वापरून ती व्यवहारात आणली. महाराष्ट्रात द्राक्षे, केळी इ. फळबागांत ती प्रथम रुजली. उसात ओळी दाट असल्याने नळ्यांचा खर्च अधिक येतो, म्हणून या पिकात तिचा प्रसार उशिरा झाला.

सुरू उसास सु. २,५०० मिमी. व आडसाली उसास सु. ३,४०० मिमी. पाणी लागते. ठाणे-कल्याण परिसरात वर्षाकाठी पाऊस सु. २,५०० मिमी. पडतो, पण तो चार महिन्यांतच पडून जातो व जमीन भाताकडे जाते. तेथील रसवंतीगृहांपुढे दिसणारा ऊस बहुधा घाटावरचा असतो. घाटावरील ऊस-पट्ट्यात पाऊस याच्या अंशाएवढाच. उरलेले पाणी कालव्याने वा विहिरीने पुरवावे लागते.

परंपरागत सरी-वरंब्यात दोन ओळींत ९० ते १०० सेंमी. अंतर असते. १०० सेंमी. अंतरावर प्रत्येक ओळीस नळी टाकल्यास हेक्टरी १०,००० मी. नळी लागते, हेच अंतर १५० सेंमी. केल्यास ६,६६७ मी. पुरते. जोडओळ किंवा पट्टा पद्धतीत ७५ सेंमी. अंतरावरील दोन ओळींमध्ये एक नळी घालून पुढे १५० सेंमी.चा पट्टा मोकळा सोडतात. नळी ४,४४४ मी. लागते. ही काटकसर मात्र सर्वत्र साधत नाही. भारी काळ्या जमिनीत पाणी आडवे पसरून दोन्ही ओळींस पोहोचते. हलक्या, मुरमाड जमिनीत ते सरळ खाली उतरते आणि मधोमध नळी असूनही दोन्ही ओळी तहानलेल्या राहतात. अशा जमिनीत ओळीगणिक नळी व जवळजवळच्या तोट्या हव्यात.

अंतर वाढविल्यास उत्पादन घटते, ही शंका शेतकऱ्यांत सार्वत्रिक आहे. १५० × ६० सेंमी. अंतरावर हेक्टरी सु. ११,१०० रोपे बसतात. प्रत्येकास ९ पक्व ऊस राहिल्यास सु. १ लाख ऊस होतात व सरासरी वजन १.५ किग्रॅ. धरल्यास १५० टन उत्पादन होते. मोकळ्या जागेत ऊन व हवा खेळून फुटवे जोमाने वाढतात. बाळबांधणी व तोडणी यंत्राने करता येते. परंतु हे गणित एकही रोप न मरण्यावर अवलंबून आहे. दाट लागणीत एखादी नांगी शेजारचे फुटवे झाकून टाकतात. येथे ती जवळजवळ एक चौ. मी. जमीन वाया घालविते. त्यामुळे महिन्याच्या आत नांग्या भरणे, आणि त्यासाठी पिशवीतील रोपे राखून ठेवणे, अपरिहार्य ठरते.

ओळींत १५० सेंमी. व तोट्यांत ४० सेंमी. अंतर आणि तोटीचा प्रवाह ताशी २ लि. असल्यास ताशी सु. ३.३ मिमी. पाणी मिळते, उन्हाळ्यात रोज दोन-अडीच तास संच चालविणे पुरते. युरियासारखी विद्राव्य खते त्यातूनच हप्त्याहप्त्याने देतात. रात्री दारे धरण्याचे कष्ट वाचतात, हा लाभ शेतकरी इतर सर्वांच्या आधी सांगतो. पाण्यातील गाळ, शेवाळ व क्षार यांनी तोट्या बुजतात. उंदीर नळ्या कुरतडतात. तोडणीनंतर पाचट पेटविल्यास खोडव्यासाठी ठेवलेल्या नळ्याही जळतात.

मुख्य अडचण कालव्याची आहे. आवर्तन काही आठवड्यांच्या अंतराने येते, तर ठिबकास पाणी रोज लागते. मधली साठवण विहीर किंवा शेततळे यांत करावी लागते व तिचा खर्च लहान शेतकऱ्यास पेलत नाही. बारमाही पिकांस कालव्याचे पाणी ठिबक वा तुषार सिंचन असेल तरच देण्याची तरतूद २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमात आहे. राज्य मंत्रिमंडळाने जुलै २०१७ मध्ये उसास ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला. प्रयोगक्षेत्रांवर ४० ते ५० टक्के पाणी वाचल्याचे आढळते. तथापि वाचलेल्या पाण्यावर तोच शेतकरी आणखी ऊस लावतो, तेव्हा बचत शेताची होते, नदीखोऱ्याची होत नाही. पाण्याची आकारणी क्षेत्रावर न करता घनमापनाने केल्याखेरीज यात फरक पडणे कठीण आहे. अतिसिंचनाने सांगली, कोल्हापूर भागांत कृष्णाकाठी जमिनी क्षारपड झाल्या आहेत. तेथे मात्र कमी पाणी देणे हाच ठिबकाचा मोठा उपयोग होय.