गढूळ पेल्याची परीक्षा

वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यात, नागपूरहून हैदराबादेस जाणाऱ्या हमरस्त्यावर वडनेर हे गाव आहे. या भागाचे मुख्य धन म्हणजे कापूस. कापसाचा जाणता पारखी ढिगातून चिमूटभर कापूस उचलतो, दोन्ही हातांच्या चिमटीत तंतू ओढून त्यांची लांबी पाहतो, ओलावा व कचरा अजमावतो आणि मगच भाव सांगतो. नुसत्या पांढरेपणास तो भुलत नाही. जिल्ह्यात गेली सुमारे पन्नास वर्षे दारूबंदी असल्यामुळे मद्याच्या परीक्षणाचा प्रश्न तेथे उघडपणे उद्भवत नाही. परंतु शिक्षणासाठी वा नोकरीसाठी पुण्यामुंबईस गेलेल्या तरुणांसमोर अलीकडे संत्र्याच्या रसासारखा दिसणारा एक गढूळ पेला येऊ लागला आहे. 'हेझी डबल आयपीए' हे त्या बिअरचे नाव. तिची पारखही कापसाइतकीच सावधपणे करावयास हवी.

नावाची फोड केली म्हणजे अर्धा उलगडा होतो. आयपीए म्हणजे 'इंडिया पेल एल', अर्थात हिंदुस्थानाकडे धाडली जाणारी फिकट बिअर. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमधील बो येथील हॉजसन यांची बिअर पिंपांत भरून, आफ्रिकेच्या टोकास वळसा घालून इकडे येत असे. हा जलप्रवास चार ते सहा महिन्यांचा असे. या प्रवासासाठीच ती मुद्दाम शोधून काढली, ही कथा लोकप्रिय असली तरी इतिहास तिला दुजोरा देत नाही. खरे ते एवढेच की, हॉप नावाच्या वेलीची फुले तीत सढळ हाताने घातलेली असत, आणि या फुलांतील कडू द्रव्य बिअर नासविणाऱ्या जंतूंस आवर घालते. त्यामुळे ती वाटेत टिके, इतकेच नव्हे तर मुरून अधिक रुचकर होई.

नावातील 'डबल' हा शब्द पुष्कळ पुढचा. १९९४ साली कॅलिफोर्नियात विनी सिलुर्झो यांनी हॉप आणि मोड आलेले सातू या दोहोंचे प्रमाण वाढवून अधिक कडक आयपीए तयार केली. पुढे व्हरमाँट प्रांतातील वॉटरबरी गावी 'अल्केमिस्ट' या लहानशा कारखान्याने 'हेडी टॉपर' नावाची न गाळलेली बिअर काढली, आणि तिच्यापासून गढूळ बिअरची आवड पसरत गेली. २०१८ साली अमेरिकेतील बिअर उत्पादकांच्या संघटनेने या जातीस स्वतंत्र वर्ग दिला. आपल्याकडे २००९ साली पुण्यात 'दूलाली' सुरू झाली. देशातील लहान बिअरगृहांच्या आरंभीच्या प्रयत्नांपैकी ती एक होय.

गढूळपणा म्हणजे अस्वच्छता, असा समज होणे साहजिक आहे. पण तो बरोबर नाही. या बिअरमध्ये सातूबरोबर ओट आणि गहू घालतात. त्यांतील प्रथिने हॉपमधील तुरट द्रव्यांशी जोडली जाऊन तरंगत राहतात, आणि त्यामुळे पेला धूसर दिसतो. हॉप दीर्घकाळ उकळला तर कडूपणा उतरतो आणि सुवास वाफेबरोबर निघून जातो. म्हणून येथे बहुतेक हॉप उकळी थांबल्यावर, किंवा बिअर आंबत असताना घालतात. संत्र्याची साल दुमडून दाबली असता जो सुगंधी फवारा उडतो, त्याच्या जातीचे तेल या फुलांत असते. आंबा, संत्रे, अननस यांचा भास त्यातूनच होतो. फळाचा रस मात्र त्यात असेलच असे नाही.

आता परीक्षण कसे करतात ते पाहू. परीक्षकांना प्रमाणपत्र देणारी 'बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम' ही अमेरिकन संस्था ५० गुणांची पत्रिका वापरते. तीत गंधास १२, रूपास ३, चवीस २०, तोंडातील स्पर्शास ५ आणि एकंदर परिणामास १० गुण असतात. ज्या रूपाची छायाचित्रे सर्वत्र फिरतात, त्याची किंमत ५० पैकी अवघी ३! परीक्षक प्रथम स्वच्छ पेला हलकेच फिरवून वास घेतो. मग लहान घोट तोंडात खेळवून गोडी, कडूपणा व स्निग्धता जोखतो. आणि गिळल्यानंतर मागे काय उरते याकडे लक्ष देतो. चांगल्या नमुन्यात गंध टवटवीत, स्पर्श मऊ आणि कडूपणा पाडव्याच्या कडुनिंबाप्रमाणे जीभ न आवळता मर्यादेत राहणारा असावा. घशात खरखर किंवा मद्यार्काची आग जाणवली तर तो दोष होय.

तथापि दोन गोष्टी जिभेपेक्षा डब्यावर वाचाव्या लागतात. पहिली तारीख. हे सुगंधी तेल हवेच्या संसर्गाने लवकर बिघडते. काही आठवड्यांतच वास मावळतो आणि पिवळा रंग करडा, मळकट होऊ लागतो. जिच्या पूर्वजांनी सहा महिन्यांचा समुद्र ओलांडला, त्या बिअरची ही पणती शीतकपाटाबाहेर फार दिवस तग धरीत नाही.

दुसरी गोष्ट मद्यार्काचे प्रमाण. 'हेडी टॉपर'मध्ये ते शेकडा ८ आहे. अशा बिअरच्या ५०० मिलिलिटरच्या डब्यात ४० मिलिलिटर शुद्ध मद्यार्क येतो. शेकडा ५ प्रमाणाच्या साध्या बिअरमधून तेवढाच मद्यार्क जाण्यास ८०० मिलिलिटर प्यावी लागेल. फळांचा सुवास आणि मऊ स्पर्श ही तीव्रता झाकतात, आणि बिअर जितकी कौशल्याने बनविलेली, तितकी ती अधिक झाकली जाते. परीक्षकाच्या पत्रिकेत जो गुण ठरतो, तोच पिणाराच्या बाबतीत धोका ठरतो. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले आहे.

म्हणून या पेयाविषयी लिहिणाराने ५० पैकी गुण देऊन थांबू नये. तारीख आणि प्रमाण हे दोन आकडे त्याने ठळकपणे नोंदवावेत. घरातील वडील मंडळींनीही परगावी राहणाऱ्या मुलास नुसते रागे भरण्यापेक्षा, 'त्या डब्यावर किती टक्के लिहिले आहे रे?' एवढे विचारावे. उत्तर देण्यासाठी त्याला तो आकडा वाचावाच लागेल.