कॅमेऱ्याच्या सेन्सरला घरचे कापड लावू नका

परभणी जिल्ह्यात निकाह, वलीमा आणि उरुसाचे फोटो काढून आपले अनेक तरुण हलाल रोजी कमावतात. परभणीत हजरत तुराबुल हक यांचा उरूस २ फेब्रुवारीला सुरू होतो. मानवत, सेलूकडे दिवाळीनंतर कापसाची आवक वाढते. म्हणजे कामाचा आणि धूळ-तंतूंचा हंगाम एकच. लेन्स बदलताना हा कचरा आत शिरतो. रोलच्या काळी फिल्म पुढे सरकायची, कचराही तिच्याबरोबर जायचा. डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर मात्र तोच राहतो. म्हणून प्रत्येक फोटोत त्याच जागी काळसर ठिपका उमटतो.

खात्रीसाठी अ‍ॅपर्चर एफ/१६ ठेवून कोऱ्या पांढऱ्या कागदाचा फोटो घ्यावा. फोटोत वर दिसणारा ठिपका सेन्सरवर खाली असतो.

सन २००३ मध्ये ऑलिम्पसने ई-१ कॅमेऱ्यात धूळ झटकून टाकण्याची सोय आणली. आज ती अनेक कॅमेऱ्यांत आहे. आधी तीच वापरावी. भागले नाही तर पंखा बंद करावा, बॅटरी पूर्ण भरावी, मेनूतून सफाईची सोय सुरू करावी. कॅमेऱ्याचे तोंड खाली धरून रबरी फुग्याने हवा मारावी. नळी आत घालू नये. तोंडाने फुंकल्यास थुंकी उडते. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरमधून तेल-पाणी येते.

आता कापडाचे. हा आमचा धंदा, म्हणून स्पष्ट सांगतो. सुती धागा आखूड तंतू पिळून बनतो. मलमल कितीही तलम असो, घासली की तंतू सुटतात. कोऱ्या कापडातली खळ काचेवर पट्टे सोडते. चष्म्याच्या मायक्रोफायबरमध्ये अडकलेला एखादा कण सेन्सरवरच्या पातळ काचेवर ओरखडा पाडतो. यासाठी बंद पाकिटात मिळणारी सेन्सर स्वॅबची पट्टीच घ्यावी. फुल फ्रेमला २४ मिलिमीटर, एपीएस-सीला १६ मिलिमीटर रुंदीची चालते. सेन्सरसाठीच्या द्रवाचे एक-दोन थेंब टाकून हलक्या हाताने एकदा एका दिशेने, मग पट्टी उलटून एकदा परत फिरवावी आणि फेकून द्यावी. तीच पट्टी पुन्हा वापरणे ही काटकसर नव्हे. दोन पट्ट्यांनीही डाग हटला नाही तर जोर न लावता सर्व्हिस सेंटर गाठावे.

पट्टीचा खर्च थोडा असतो; सेन्सर बदलण्याचा खर्च हंगामाची कमाई खाऊन टाकू शकतो. शिवाय ग्राहकाचा फोटो ही आपल्याकडची अमानत आहे. वलीम्याचा दिवस पुन्हा येत नाही.