वेबच्या दारातून इतर वाहतूक

रत्नागिरी : महाविद्यालयाच्या संगणक कक्षात बातम्यांची संकेतस्थळे सहज उघडतात, पण दूरच्या सर्व्हरशी ‘एसएसएच’ने जोडणी करू पाहिले, की काहीच घडत नाही. इंटरनेट बंद नसते. बाहेर जाण्याचा मार्ग एकच असतो आणि तो वेब प्रॉक्सी सर्व्हरमधून जातो.

प्रॉक्सी म्हणजे मध्यस्थ. ब्राउझर त्याच्याकडे मागणी नोंदवतो आणि तो पान आणून देतो. त्याला वेबची ‘एचटीटीपी’ भाषा समजते. एसएसएच किंवा ई-मेलची नव्हे. तरीही या वाहतुकीला वाट मिळू शकते, ती एचटीटीपीमधील ‘कनेक्ट’ या आज्ञेमुळे.

ही आज्ञा मुळात बँकांसारख्या सुरक्षित संकेतस्थळांसाठी आली. तेथील सांकेतिक मजकूर प्रॉक्सीला वाचता येत नाही. म्हणून ब्राउझर एवढेच सांगतो : अमुक सर्व्हरच्या ४४३ क्रमांकाच्या पोर्टशी मला जोडून दे. प्रॉक्सी होकार देतो आणि पुढे दोन्ही बाजूंचा मजकूर जसाच्या तसा पोहोचवतो. येथून वाशीच्या बाजारात जाणाऱ्या आंब्याच्या बंद पेटीसारखेच हे आहे. टेम्पोचालकाला पत्ता कळतो. आत हापूस आहे की आणखी काही, हे कळत नाही.

साहजिकच ४४३ ऐवजी एसएसएचचा २२ क्रमांक सांगितला आणि प्रॉक्सीने तो मान्य केला, तर एसएसएचही पार होते. ‘पुटी’सारख्या प्रोग्राममध्ये त्यासाठी प्रॉक्सीची सोय असतेच.

धोकाही येथेच आहे. मूळ मांडणीतील अनेक प्रॉक्सी कोणत्याही पोर्टशी जोडणी करू देतात, असा इशारा अमेरिकेतील ‘सर्ट’ संस्थेने २००२ मध्ये दिला होता. अशा प्रॉक्सीआडून त्रयस्थालाही नको असलेल्या मेलचा मारा करता येतो. म्हणूनच ‘स्क्विड’ या प्रचलित प्रॉक्सीच्या मूळ मांडणीत आज ‘कनेक्ट’ला ४४३ पुरतीच मुभा असते. मात्र पोर्ट हा केवळ क्रमांक आहे. समोरच्या सर्व्हरवर एसएसएच ४४३ वर बसवले, तर हा पहाराही चुकतो.

परंतु पहारा चुकला तरी नोंद चुकत नाही. कोणत्या संगणकाने कोणता सर्व्हर व पोर्ट मागितला, हे प्रॉक्सी टिपून ठेवू शकतो. अशा नोंदी १८० दिवस जपण्याचे निर्देश ‘सर्ट-इन’ने एप्रिल २०२२ मध्ये दिले आहेत. शिवाय बाहेरच्या सर्व्हरला पत्ता दिसतो तो प्रॉक्सीचा. तक्रार आली, तर ती संस्थेच्या नावावर येते. तेव्हा चोरवाट शोधण्यापेक्षा हवा तो सर्व्हर आणि पोर्ट नेटवर्क व्यवस्थापकाकडून रीतसर खुला करून घेणे, हेच विद्यार्थ्यांच्या आणि संस्थेच्याही हिताचे.