शोधयंत्राची पारख

लाखों पुस्तकें असलेल्या ग्रंथालयांत सूची नसेल, तर हवें तें पुस्तक हातीं लागत नाहीं. महाजालावर सूचीचें हें काम शोधयंत्र करितें. आणि त्याच्या पहिल्या पानावर न आलेलें संकेतस्थळ बहुतेकांच्या लेखीं नसल्यासारखेंच होय.

हा क्रम ठरावा कसा? आरंभीचीं यंत्रें पानांतील शब्दांवर फार विसंबत. तेव्हां कित्येक चतुर मालकांनीं पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत एकच शब्द शेंकडों वेळां लिहून ठेविला. वाचकाला तो दिसेना, यंत्राला मात्र दिसे! १९९८ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांतील लॅरी पेज व सर्गे ब्रिन यांनीं निराळी कसोटी मांडली: इतर वजनदार पानें दुवा देऊन ज्याचा हवाला देतात, तें पान महत्त्वाचें. पुढें असे दुवेही विकत मिळूं लागले. म्हणून २०१२ सालीं गूगलनें ‘पेंग्विन’ नांवाची सुधारणा करून अशा स्थळांना खालीं उतरविलें.

ज्याला आपलें स्थळ वर यावें असें वाटतें, त्यानें शीर्षक नेमकें द्यावें, पान त्वरित उघडेल असें करावें आणि वाचकाच्या प्रश्नाचें सरळ उत्तर लिहावें. ज्याचा उपयोग झाला, त्याचाच हवाला लोक आपण होऊन देतात.