भंगारातली सुरी : लोखंडाची निवड आणि धारेचं पाणी

आता कामाकडे वळू. भंगारातून सुरी करायची म्हटलं की माणूस हाताला लागेल ती पट्टी उचलतो. खिडकीच्या ग्रिलची, नाहीतर सळईचा तुकडा. घासली की चकाकते, धारही लागते, आणि दोन दिवसांत बोथट होते. कारण अशा लोखंडात कार्बन जेमतेम ०.२ टक्के. त्याला कितीही पाणी द्या, ते कडक होत नाही.

आपल्याकडचे घिसाडी आणि लोहार कोयत्याला ट्रकच्या कमानीचा पाटा घेतात. नेपाळातली खुकरीसुद्धा त्याचीच होते. पाट्यात कार्बन ०.५ ते ०.६ टक्के असतो, जुन्या कानशीत १ टक्क्याच्या पुढेमागे. ओळखायची खूण म्हणजे ग्राइंडरवरची ठिणगी. साध्या लोखंडाची लांब, सरळ जाते. पोलादाची फुलबाजीसारखी फुटते. जस्ताचा मुलामा असलेली वस्तू मात्र भट्टीत घालूच नका, तो धूर छातीला वाईट.

कानस घेतली तर आधी लालभडक करून राखेत पुरायची आणि रात्रभर सोडायची. सकाळी ती इतकी मऊ असते की करवतीने कापता येते. आकार द्या, मुठीची भोकंही आत्ताच पाडा. धार लावू नका, कड १ मिलिमीटर जाड राहू द्या. पातळ कड पुढे वाकते किंवा तडकते.

मग पुन्हा तापवायची. किती? चुंबक चिकटायचं थांबतं ते साधारण ७७० अंश सेल्सिअसला. त्याहून किंचित वर न्यायची आणि कोमट गोड्या तेलात सरळ बुडवायची. तेल धातूच्या डब्यात, झाकण हाताशी. पेटलं तर झाकायचं, पाणी ओतायचं नाही.

इथेच लोक थांबतात, आणि हे धोक्याचं आहे. तेलातून निघालेलं पातं काचेसारखं असतं, हातातून फरशीवर पडलं तरी तुटेल. ऊसतोडीच्या कोयत्याचा असा तुकडा उडाला तर डोळा जाईल, आणि मजुराचा हंगाम बुडेल. म्हणून कडकपणा थोडा उतरवायचा. पातं घासून उजळ करा आणि ओव्हनमध्ये २०० अंशाला तासभर ठेवा, दोनदा. गवताच्या काडीसारखा पिवळा रंग आला की स्वयंपाकघराच्या सुरीला पुरे. कोयत्याला दणके सोसायचे असतात, तो निळ्यापर्यंत, म्हणजे ३०० अंशांच्या आसपास नेतात.

(श्रोत्यांतून प्रश्न : तेलच का? लोहार तर पाणीच वापरतात.)

बरोबर आहे. पण पाणी फार झपाट्याने थंड करतं, आणि पाट्याच्या पोलादात इतर धातू मिसळलेले असतात, ते तेलातही कडक होतं. पाण्यात अख्खं पातं टाकलं तर चीर जायची भीती. खुकरीवाले किटलीने फक्त धारेवर पाणी सोडतात, पाठ मऊच ठेवतात. त्याला हात बसलेला लागतो. नवख्याने तेलच घ्यावं.

शेवटी सहाणेवर धार लावा. ग्राइंडर वापरलात तर पातं घडीघडी पाण्यात बुडवा. कड निळी पडली तर तिथला कडकपणा गेला, मग पुन्हा भट्टीपासून सुरुवात.